पाणी अकराला येतं: मानखुर्दमधल्या एका बालविकास प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मानखुर्दच्या एका वस्तीतलं आहे. वस्तीचं आणि संस्थेचं नाव दिलेलं नाही, काही खुणाही बदलल्या आहेत. मी या प्रकल्पात नोंदी आणि अहवालांचं काम करत होते. खालचा मजकूर बैठकांच्या टिपणांवर आणि कार्यकर्त्यांच्या वह्यांवर आधारलेला आहे.

प्रकल्प चालवणाऱ्या बाईंचा विषय विकासात्मक मानसशास्त्र. गल्लीत आणि ऑफिसात सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे. त्यांचा प्रश्न साधा होता. गरिबीत वाढणाऱ्या दीड ते तीन वर्षांच्या मुलाशी घरातलं मोठं माणूस रोज थोडं खेळलं, बोललं, तर मुलाच्या भाषेत आणि समजेत फरक पडतो का? हा प्रश्न जमैकात आधीच विचारून झाला होता. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधली, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. काहींना दूध पावडर, काहींना आठवड्यातून एकदा तासभराची घरभेट, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही, असे चार गट केले. भेटीला जाणाऱ्या बायका शेजारपाजारच्याच आरोग्य कार्यकर्त्या होत्या. खेळणी टाकाऊ वस्तूंची. आठवडाभर घरी ठेवायची आणि पुढच्या खेपेला बदलायची. दोन वर्षं हे चाललं. ती मुलं बाविशीला पोचली तेव्हा खेळाच्या भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. २०१४ मध्ये हे छापून आलं आणि जगभर त्याची चर्चा झाली. पुढे कटकच्या झोपडवस्त्यांतही अशाच घरभेटी झाल्या आणि तिथल्या मुलांच्या आकलनात चांगला फरक दिसला.

मग मानखुर्द का? मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात मानखुर्द ज्यात येतं तो महापालिकेचा एम-पूर्व विभाग सगळ्यांत तळाला होता. १९२७ पासूनचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड याच विभागात. आम्ही ज्या गल्ल्यांत काम केलं तिथली बहुतेक घरं मराठवाड्यातून आलेली. कुणाचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात जालन्याहून निघालेले, कुणी अलीकडे बीडहून आलेलं. घर म्हणजे दहा बाय दहा, फार तर दहा बाय बाराची खोली आणि वर जाड फळ्यांचा माळा.

अंगणवाडी दोन गल्ल्या सोडून होती. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. तिच्या कागदावर जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची सगळी मुलं आहेत. प्रत्यक्षात तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत येतं ते वजन-उंचीला, लसीच्या दिवशी आणि टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं न्यायला. खेळ, गाणी, चित्रं हे तीन ते सहाच्या मुलांचं. सेविकाताईंचा दिवस रजिस्टर, पोषण ट्रॅकर अ‍ॅप आणि गरम आहार यांतच संपतो. लहान मुलांच्या घरी जाऊन खेळायला वेळ आणायचा कुठून? प्रकल्पाने नेमकं हेच काम हातात घेतलं होतं.

चिठ्ठ्या गल्लीनिहाय टाकल्या. काही गल्ल्यांत घरभेटी, काहींत फक्त मोजमाप. एका घरी ताई, म्हणजे प्रकल्पाची कार्यकर्ती, जाणार आणि भिंतीपलीकडच्या घरी नाही, यावरून भांडणं झाली असती. बायकांना हे सांगायला फार कष्ट पडले नाहीत. “म्हाडाच्या लॉटरीसारखं का?” असं एकीने विचारलं आणि विषय मिटला.

अडचण

पहिले काही आठवडे बरे गेले. मग भेटी चुकायला लागल्या. ताई दारात जायची तर कुलूप, कुलूप नसेल तर आई म्हणायची, “उद्या या ना ताई, आज लई गडबड आहे.” काही घरांत ताईच मुलाशी खेळायची आणि आई पाठ करून काम करत राहायची. पद्धतीचा सगळा गाभाच हा होता की खेळायचं आईने, ताईने फक्त दाखवायचं.

मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भेट झाली नाही तर कारण निवडावं लागे. पर्याय तीन होते: घराला कुलूप, नकार, पालकांना रस नाही. आई घरात आहे आणि नाही म्हणत नाही, तर ताईच्या हाताशी उरायचा तिसरा पर्याय. महिनाअखेरीच्या तक्त्यात ‘रस नाही’चा स्तंभ सगळ्यांत उंच झाला. देणगीदाराकडून विचारणा आली की पालकांच्या जागृतीसाठी काही सत्रं घेता येतील का.

मॅडमनी तक्ता बाजूला ठेवला आणि ताईंना सांगितलं, पंधरा दिवस फॉर्म भरा, पण खाली वहीत मराठीत एक ओळ लिहा: तुम्ही गेलात तेव्हा आई नेमकं काय करत होती. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच. पुढचं बरंचसं त्यातून निघालं.

वह्यांत जे आलं ते असं. ‘पाणी आलं होतं, ड्रम भरत होती.’ ‘माल आला होता, चारपर्यंत द्यायचा होता.’ ‘संडासच्या लायनीत.’ ‘पाणी.’ ‘राखीचा माल.’ ‘पाणी.’ आमच्या भेटी सकाळी साडेदहा ते साडेबारा ठेवल्या होत्या, कारण त्या वेळी मुलं ताजीतवानी असतात आणि पुरुष कामाला गेलेले असतात. कागदावर उत्तम. त्या गल्लीत पाणी अकराच्या सुमाराला यायचं आणि पाऊणएक तास टिकायचं. तेवढ्यात पाइप लावून ड्रम, कळशी, हंडे, बादल्या भरायच्या, कपडे उरकायचे. एका आईने मॅडमना तोंडावर सांगितलं, “मॅडम, तुमची ताई येती आन माझं पानी जातं. पोराशी खेळू का ड्रम भरू?”

दुसरी गोष्ट मालाची. जवळजवळ प्रत्येक घरात बाई डझनावर काम करायची: राख्या, इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवणं, तयार कपड्यांचे धागे कापणं. माल दुपारी येतो, संध्याकाळी न्यायला माणूस येतो, कमी भरला तर पुढच्या वेळी दुसऱ्या गल्लीत जातो. तासभर हात थांबले की तेवढे पैसे गेले.

समोरचे पर्याय

बैठकीत चार गोष्टी मांडल्या गेल्या, आणि त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नव्हत्या.

जागृती सत्रांचा पर्याय पहिल्या अर्ध्या तासातच बाद झाला. वेळ नसलेल्या बाईला आणखी एका तासासाठी हॉलमध्ये बोलवायचं, यात काय अर्थ होता ते सुचवणाऱ्यालाही नीट सांगता येईना.

भेटीला हजर राहिल्याबद्दल रेशन किट द्यावं, हा पर्याय जास्त वेळ चालला. बाजूने बोलणारे म्हणत होते की बाईचा बुडालेला तास आपण भरून द्यायलाच हवा. विरोधाचा मुद्दा संशोधनाचा होता: पुढे फरक दिसला तर तो खेळाचा की तेलडाळीचा, हे वेगळं काढता येणार नाही. जमैकात चार गट केले होते ते याचसाठी. इथे तेवढी मुलंही नव्हती, तेवढे पैसेही नव्हते. शिवाय किट फक्त भेटींच्या गल्ल्यांना दिलं तर मोजमापाच्या गल्ल्यांतल्या बायकांना काय सांगायचं? खेळाच्या लॉटरीत नंबर लागला नाही हे त्यांनी चालवून घेतलं होतं. पाच किलो गव्हाच्या लॉटरीत चालवून घेतलं नसतं.

याच चर्चेत सरळ रोख पैसे देण्याची गोष्टही निघाली. अमेरिकेत २०१८ मध्ये असा एक मोठा प्रयोग सुरू झाला. १,००० गरीब मातांपैकी काहींना बाळ जन्मल्यापासून दरमहा ३३३ डॉलर, काहींना २० डॉलर, कसलीही अट नाही. पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला जास्त रक्कम मिळालेल्या घरांतल्या बाळांच्या मेंदूच्या विद्युत हालचालींत थोडा वेगळेपणा दिसल्याचं २०२२ मध्ये छापून आलं आणि मोठे मथळे झाले. चार वर्षांच्या टप्प्यावर मात्र भाषा आणि वागणुकीच्या मोजमापांत दोन्ही गटांत ठळक फरक सापडला नाही. यावरून पैशाचा उपयोग नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. घरात पैसे येणं ही गोष्ट मुलाच्या गुणांवर तोलायची नसते. पण आमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

तिसरा पर्याय वेळ बदलण्याचा. दुपारी अडीचनंतर जा. हे सगळ्यांत स्वस्त होतं, म्हणून पटकन करून पाहिलं. अडीचला पाणी नव्हतं, पण माल होता, आणि मूल झोपलेलं असायचं.

चौथा पर्याय एका ताईने आणला. ती त्याच वस्तीत लहानाची मोठी झालेली. ती म्हणाली, दुपारी चार वाजता आठ-दहा बायका गल्लीच्या सावलीच्या बाजूला माल घेऊन बसतातच, पोरं भोवती असतातच, मी तिथेच जाऊन बसते. एकेकीच्या घरी जाऊन मी काय करते, तर तिला तिच्या मैतरणींतून उठवून आत नेते.

यावर मॅडमना निर्णय घ्यायला वेळ लागला, आणि तो लागणं बरोबरच होतं. घरभेट सोडली की मूळ पद्धतच सोडली असा आक्षेप येणार. पण ओडिशाच्या खेड्यांमध्ये घरभेटी आणि माता-गट हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी तपासले गेले होते आणि गटातल्या मुलांनाही जवळपास तेवढाच फायदा दिसला होता, तोही बऱ्याच कमी खर्चात. तो आधार होता. दुसरा आधार आपल्याच मातीतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला काम करत होत्या तेव्हा पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी तिथून आली. मॅडमनी संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीला पाठवलेल्या अर्जात ही दोन्ही उदाहरणं घातली. समितीच्या एका सदस्याने तिथे ताराबाईंचं काय काम, असं विचारल्याचं टिपणात आहे. मला तरी ते काम होतं असंच वाटतं.

समितीचा खरा प्रश्न वेगळा आणि रास्त होता. गल्लीत बसून केलेलं बोलणं सगळ्यांच्या कानावर जातं. कुणाचं मूल बोलत नाही, कुणाला नवरा मारतो, हे तिथे निघालं तर?

काय केलं

परवानगी मिळाल्यावर अर्ध्या भेटी गल्लीच्या बैठकीत आणि महिन्यातून एक भेट घरी, एकटीशी, असं ठरलं. घरची भेट आईने सांगितलेल्या वेळी. मुलाच्या विकासाबद्दल नाव घेऊन काहीही बोलायचं ते घरच्या भेटीतच, हा नियम ताईंकडून पक्का करून घेतला.

खेळ बदलले. हात मालात गुंतलेले असताना जे तोंडाने आणि नजरेने खेळता येतं ते पुढे आलं. उदाहरण सांगते. खेळण्यांच्या किटमध्ये रंग ओळखायचे लाकडी ठोकळे होते. बैठकीत ते कुणी काढेना, कारण ठोकळे पुढे ठेवायचे तर हातातली राखी खाली ठेवावी लागायची. मग थंड पेयाच्या बाटल्यांची झाकणं जमवली. लाल, निळी, हिरवी, एका जुन्या पातेल्यात. आई मान वर न करता म्हणायची, “दादा, लाल दे. आता निळं दे. अरे, हे कुठलं दिलंस?” दोन वर्षांचा पोरगा पातेल्यात हात घालून शोधायचा, चुकीचं द्यायचा, शेजारची मावशी हसायची, तो पुन्हा शोधायचा. आईचा एकही मणी थांबायचा नाही. तासाभरात त्या पोराशी किती जणी बोलल्या ते ताईने एकदा मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं.

हे पाहिल्यावर मोजमापाच्या एका साधनाबद्दल मॅडमचं मत बदललं. घरातल्या वातावरणासाठी आम्ही बेटी कॉल्डवेल आणि रॉबर्ट ब्रॅडली यांची होम यादी वापरत होतो. लहान मुलांसाठी तिच्यात ४५ बाबी आहेत: खेळणी किती, ती ठेवायला मुलाची स्वतःची जागा आहे का, भेटीत आई मुलाशी आपणहून बोलली का. जगभर वापरलेलं साधन आहे, वाईट नाही. पण ते घराच्या आत पाहतं आणि आईकडे पाहतं. दहा बाय दहाच्या खोलीत मुलाची स्वतःची जागा शोधणाऱ्याला ती कुठे सापडणार? आणि ज्या मुलाशी दिवसभर सहा बायका, दोन आज्या आणि शेजारची पाचवीतली मुलगी बोलते, त्याच्या घरी आई अर्धा तास गप्प बसली म्हणून गुण जाणार. एक सोपा मोह होता, न बसणाऱ्या बाबी गाळून टाकण्याचा. तसं केलं असतं तर दुसऱ्या कुठल्याही अभ्यासाशी तुलना उरली नसती. म्हणून यादी जशीच्या तशी ठेवली आणि तिच्यासोबत वेगळी नोंद सुरू केली: ठरावीक तासात मुलाशी कोण-कोण बोललं, कशावरून.

मुलांची क्षमता डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात तयार केलेल्या डीएएसआयआय मापनीवर तपासायची होती. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. चाचणीला शांत जागा लागते. घरी घेतली की दारात पाचसहा माणसं उभी: “बोल ना रे, आता का गप? घरी तर लई बोलतोस.” शेवटी अंगणवाडीची खोली दुपारी रिकामी असते तेव्हा मागून घेतली.

दोन गोष्टी मधे अडल्या. बैठकीत एका लहानग्याने मणी नाकात घातला. ताईने डोकं शाबूत ठेवून दवाखान्यात नेलं, मणी निघाला. त्यानंतर मालाच्या बायका आणि मुलं यांच्यात एक चटई मोकळी सोडायची असं बायकांनीच ठरवलं. पाळलं किती, ते विचारू नका. आणि २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या. संप जानेवारीपर्यंत चालला, खोलीला कुलूप होतं, आणि चाचण्यांची एक फेरी पुढे ढकलली गेली. सेविकाताईंच्या मागण्या मानधनाच्या होत्या. आमच्या वेळापत्रकाची त्यांच्याकडे तक्रार करायचं कारण नव्हतं.

मोजमापाच्या गल्लीतलं एक मूल

हा निर्णय वेगळा सांगायला हवा. ज्या गल्लीत घरभेटी नव्हत्या तिथली एक अडीच वर्षांची मुलगी चाचणीत भाषेच्या जवळजवळ सगळ्या बाबींत अडली. हाताची कामं मात्र वयाला साजेशी. चाचणी घेणारीच्या लक्षात आलं की मागून घंटी वाजवली तर ती वळत नाही. आईला विचारलं तर, “कान वाहतो तिचा, सर्दी झाली की. सगळ्यांच्याच पोरांचा वाहतो.”

एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, ही मुलगी तुलनेच्या गटातली आहे, आपण मदत केली तर गट बिघडणार नाही का? प्रश्न बावळटपणाचा नव्हता. असे प्रश्न मनात ठेवण्यापेक्षा विचारलेले बरे. मॅडमचं उत्तर एका वाक्याचं होतं: तुलनेसाठी खेळ रोखून ठेवलाय, उपचार नाही. मुलगी चिठ्ठीत ज्या गटात आली त्याच गटात हिशेबाला राहील, आणि तिची कानाची तपासणी या आठवड्यात होईल.

तपासणी वांद्र्याला, अली यावर जंग संस्थेत. मानखुर्दहून हार्बरने वडाळा, तिथे गाडी बदलून वांद्रे, पुढे रिक्लमेशनपर्यंत रिक्षा. आईचा पूर्ण दिवस जाणार, म्हणजे दिवसाचा मालही. पहिल्या खेपेला ती आलीच नाही. दुसऱ्या खेपेला ताई सोबत गेली आणि बुडालेल्या मजुरीइतके पैसे प्रकल्पाने दिले. इथे रेशन किटसारखा वाद झाला नाही. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येत होतं. उपचार झाले, ऐकणं सुधारलं. बोलणं लगेच आलं नाही, हळूहळू येतंय.

काय निष्पन्न झालं

बैठका सुरू झाल्यावर भेटी चुकण्याचं प्रमाण स्पष्टपणे खाली आलं. ‘रस नाही’ हा पर्याय ताईंनी पुढे क्वचितच वापरला.

मुलांच्या गुणांबद्दल जपून बोलावं लागेल. भेटींच्या गल्ल्यांतली मुलं भाषेत थोडी पुढे दिसली, पण मुलं कमी, पद्धत मधेच बदललेली, एक फेरी उशिरा झालेली. तेवढ्यावर खेळामुळे फरक पडला असं मॅडमनी अहवालात लिहू दिलं नाही. देणगीदार थोडा नाराज झाला.

बैठकीचे तोटेही दिसले. नवी लग्न होऊन आलेली, सासूच्या नजरेखाली बसणारी सून तिथे मुलाशी गाणं म्हणायला लाजायची. एका सासूबाईंनी “हे काय पोरखेळ लावलेत” म्हणून सुनेला उठवून नेलं. ज्या बाया माल घेत नव्हत्या, धुणीभांड्याला बाहेर जायच्या, त्या चार वाजता गल्लीत नसायच्याच. त्यांची मुलं मोठ्या बहिणीच्या कडेवर असायची, आणि त्या आठ-नऊ वर्षांच्या बहिणींना आम्ही खेळ शिकवलेच नाहीत.

सगळ्यांत मोठं नुकसान भाड्याचं. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने भाडं आणि डिपॉझिट वाढवलं की कुटुंब मुंबईबाहेर, दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला. फोन नंबर बदलतो, माग राहत नाही. जी घरं अशी निघून गेली ती आमच्या यादीतली सर्वांत अडचणीतली घरं होती. शेवटच्या फेरीत जी मुलं मोजली गेली ती त्यातल्या त्यात टिकून राहिलेल्यांची. गरिबीवरच्या कुठल्याही अभ्यासाचे निकाल वाचताना मी आता आधी गळतीचा तक्ता उघडते.

पुन्हा करायचं तर

कारणांचा फॉर्म वस्तीत महिनाभर बसल्यानंतर बनवावा, आणि त्यात मोकळी ओळ सुरुवातीपासून असावी. गल्लीत पाणी कधी येतं, माल कधी येतो, कोण कितीला कामावर जातं, याची नोंद पहिल्या मोजमापाआधी व्हायला हवी. मॅडमचं यापुढचं म्हणणं मला जास्त पटतं: आईचा वेळ हाच एक मापनाचा घटक धरावा. नळ घरात आलेल्या घरातल्या मुलाशी जास्त बोललं जातं का, हे मोजण्यासारखं आहे, आणि त्यासाठी खेळण्यांची किट लागत नाही.

कानाची तपासणी सगळ्या मुलांची, चाचणीआधी. ही गोष्ट एका मुलीमुळे नंतर कळायला नको होती.

मोठ्या बहिणींसाठी वेगळा गट करण्यावर मतभेद आहेत. एक बाजू म्हणते की प्रत्यक्षात मूल त्याच सांभाळतात, तर त्यांना खेळ शिकवा. दुसरी बाजू म्हणते की आठ वर्षांच्या मुलीला आणखी चांगली आया बनवायचं काम संशोधनाने करू नये. मॅडम दुसऱ्या बाजूला आहेत, मी पहिल्या. पुढच्या टप्प्याच्या प्रस्तावात सध्या संध्याकाळी सातनंतरचा, बाहेर कामाला जाणाऱ्या आयांसाठीचा एक गट लिहिला आहे. बहिणींचा मुद्दा समितीपुढे ठेवायचा आहे.